बबनआबांच्या घड्याळाची खरी हकीकत

कामशेतच्या बाजारपेठेत बबनआबांच्या घड्याळाविषयी तीन हकीकती सांगितल्या जातात. पहिली अशी की, मी विकलेल्या घड्याळाने भर खळ्यावर पोलीस बोलावले. दुसरी अशी की, ते घड्याळ आबांच्या मुलाने इंटरनेटवर वाचून स्वतः निवडले होते आणि मी ते केवळ कपाटातून काढून दिले. तिसरी अशी की, आबांनी विनवणी केली असतानाही मी त्यांचा विश्वासघात केला. पहिलीत थोडे तथ्य आहे. दुसरीत काडीचेही नाही. तिसरी सांगणाऱ्यांपैकी एकच जण त्या बांधावर हजर होता, आणि नेमका तोच ती सर्वांत वाईट सांगतो. या तिन्हींचा निकाल लावावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे घड्याळांचे दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून चावीची घड्याळे उघडण्यापासून मी सुरुवात केली, मग सेलची घड्याळे विकली, आणि गेली काही वर्षे स्मार्टवॉच विकतो. समोरच मोबाइलचे दुकान चालवणारा अमोल माझ्या मुलाच्या वयाचा आहे. मी पहिले स्मार्टवॉच काचेत मांडले तेव्हा तो म्हणाला होता, "भाऊ, हे उघडून तेल घालायचं नसतं बरं का." दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाजीवालीकडून एक दुधी भोपळा आणला, अमोलच्या दुकानातले एक स्वस्त घड्याळ मागून घेतले आणि गिऱ्हाइकांसमोर ते भोपळ्याला बांधले. घड्याळाने भोपळ्याची नाडी बहात्तर दाखवली आणि रक्तदाबही उत्तम असल्याचे सांगितले. तेव्हापासून अमोल माझ्याशी जपून बोलतो.

बाहेरच्या माणसाला हा व्यवसाय सोपा वाटतो. गिऱ्हाईक येते आणि विचारते, "सगळ्यात चांगलं कुठलं?" या प्रश्नाला उत्तर नसते. मी उलट विचारतो: तुमचा फोन कोणता? कारण अर्धी घड्याळे फोनवाचून नुसती पाटी असतात, आणि काही ठरावीक फोनशिवाय इतरांशी बोलतच नाहीत. रोज चार्जिंगला लावायची सवय आहे की आठवड्यातून एकदा? कारण जितकी कामे जास्त तितकी बॅटरी लवकर बसते. मेसेज मराठीत येतात का? स्वस्त घड्याळांत मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात, आणि हे दुकानातून बाहेर पडल्यावरच कळते. उन्हात पडदा दिसतो का, हे मी गिऱ्हाइकाला रस्त्यावर उभे करून दाखवतो. आणि सर्वांत शेवटी विचारतो: तुमचे हात दिवसभर काय करतात?

शिरगावला मंदिराबाहेर हार-फुले विकणाऱ्या एका मावशींना मी सर्वांत कमी किमतीचे घड्याळ दिले, कारण त्यांना एकच गोष्ट हवी होती. लाउडस्पीकरमुळे त्यांना फोनची रिंग ऐकू येत नसे, आणि त्या घड्याळाची थरथर इतकी दांडगी होती की, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खांद्यापर्यंत जाई. उलट कुसगावचे एक हॉटेलमालक सर्वांत महाग घड्याळ घेऊन गेले, आणि ते पाण्यात किती खोल चालते, हे त्यांनी मला तीनदा विचारले. त्यांना पोहता येत नाही. तेही मी विकले. विकत घेणाऱ्याच्या हौशीशी भांडणे माझे काम नाही. मात्र ज्याला गरज आहे त्याला चुकीची वस्तू देऊ नये, एवढा एक नियम मी पाळत आलो. तो नियम मी स्वतः कसा मोडला, तेच आता सांगतो.

बबनआबा माझ्याहून चार वर्षांनी मोठे. पवनेच्या बाजूला त्यांचे गाव. पत्नी वारल्यापासून घरात एकटेच राहतात आणि भात स्वतः करतात. मुलगा संतोष पिंपरीकडे राहतो व एका कारखान्यात पाळीवर काम करतो. त्या कारखान्यात आत जाताना फोन फाटकावर जमा करावा लागतो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. दोन वर्षांपूर्वी आबा शेतात घसरून पडले आणि तासभर तसेच पडून राहिले. तेव्हापासून संतोषने हट्ट धरला होता की, आबांनी पिंपरीला यावे. आबांनी हट्ट धरला होता की, येणार नाही. शेवटी तोड निघाली: पडल्यावर आपोआप खबर देणारे घड्याळ आबांनी हातात घालावे, आणि त्या अटीवर गावात राहावे. म्हणजे आबांचे घर, शेत, सकाळी बांधावर जाणे, सारे काही एका घड्याळावर टांगलेले होते.

आता दुसरी हकीकत निकालात काढतो. संतोषने घड्याळ निवडले होते हे खरे, पण ते पहिले घड्याळ. ऑनलाइन मागवलेले, पातळ, देखणे. ते पंधरा दिवस वापरल्यावर आबा पट्टा बदलायला माझ्याकडे आले.

"दत्तू, ह्यो पट्टा चावतुय बग. बाकी घड्याळ एक नंबर. टाइम बराबर दाखवतंय."

मी विचारले, "आबा, तुमचा फोन बघू."

त्यांनी कोपरीच्या खिशातून बटणांचा साधा फोन काढला. मी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ते घड्याळ जवळच्या स्मार्टफोनमधूनच खबर पाठवू शकत होते. आबांच्या हातावर ते वेळ दाखवण्याखेरीज काहीही करत नव्हते. पंधरा दिवस तो मुलगा कारखान्यात निर्धास्त होता, आणि निर्धास्त असण्याचे काहीही कारण नव्हते.

मी संतोषला बोलावून घेतले. स्वतःचे सिमकार्ड बसणारे, म्हाताऱ्या माणसांसाठी बनवलेले घड्याळ मी निवडले. ते जाड आहे आणि दिसायला बेढब आहे. पण त्याला बाजूस एक उंच, टणक बटण आहे. आबांचा अंगठा इतका राठ झाला आहे की, नुसत्या स्पर्शावर चालणारा पडदा त्याला ओळखतच नाही. हे मी आधी चार घड्याळांवर तपासले. सिमकार्ड कोणत्या कंपनीचे घ्यावे हे जाहिरातीवरून ठरवले नाही. त्या गावचे दूध गोळा करणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारले, कारण प्रत्येक वाडीवर फोन लागतो की नाही हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. घड्याळ कसे चालते तेही सांगतो. हाताला जोराचा हिसका बसून हात थांबला की माणूस पडला असे ते समजते, अर्धा मिनिट थरथरून विचारते, आणि बटण दाबले नाही तर पहिल्या नंबरला फोन लावते. पलीकडच्याने फोन उचलला की इकडचे सारे त्याला ऐकू जाते. त्याची संवेदनशीलता तीन पायऱ्यांची असते. संतोष म्हणाला, "सगळ्यात वरची ठेवा, काका." मी ठेवली.

आबांना मी विचारले होते, "आबा, दिवसभर हातांनी काय काय करता?" ते म्हणाले, "आता काय, गवात काढतो, पाणी बगतो, चूल पेटीवतो." तेव्हा श्रावण होता. मी दिवसभराचे विचारले, वर्षभराचे विचारले नाही. माझे वडील मावळात भात करत होते, लहानपणी मी स्वतः खळ्यावर राबलो आहे, आणि तरीही मला दिवाळीनंतरची झोडणी आठवली नाही.

ज्यांनी झोडणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापून वाळवलेल्या भाताची पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायची आणि समोरच्या लाकडी बाकावर सारा जोर लावून आपटायची, म्हणजे दाणे झडतात. पाच-सात वेळा आपटली की ती टाकून क्षणभर दम घ्यायचा आणि दुसरी उचलायची. जोराचा हिसका, आणि मग थांबलेला हात. घड्याळाच्या समजुतीप्रमाणे आबा त्या सकाळी दर पेंढीला एकदा पडत होते. कामाच्या धुंदीत थरथर त्यांना जाणवली नाही.

तो रविवार होता, संतोष घरी होता. त्याने फोन उचलला तर पलीकडे धडाधड आदळआपट, आणि माणसांचा गलका: "हाणा, हाणा. आजून दोन हाणा." आबांचा चुलतभावाशी बांधावरून जुना वाद आहे. आपल्या बापाला चारचौघे मिळून मारत आहेत, असा संतोषचा समज झाला. त्याने गावच्या पोलीस पाटलांना फोन केला आणि दोन मित्रांना घेऊन गाडी काढली. पोलीस पाटील काठ्या घेतलेली माणसे घेऊन खळ्यावर पोहोचले, तेव्हा ज्याच्यावर संशय होता तो चुलतभाऊच आबांना पेंढ्या पुरवत होता. पोलीस आले, ते एवढेच. घड्याळाने त्यांना बोलावले नाही. पण लोकांना पाटील हा शब्द गाळून गोष्ट सांगायला आवडते.

त्याच दुपारी संतोष आबांना घेऊन माझ्या दुकानात आला. बाजाराचा दिवस नसला तरी दुकानात चार माणसे होती, आणि अमोल समोरून ऐकत होता.

"काका, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तुम्ही. तो चुलता माझ्याकडे बघून हसतोय, म्हणतो, ये बाबा, तू बी दोन हाण."

"तू वरची पायरी मागितलीस," मी म्हणालो.

"मी गिऱ्हाईक आहे. तुम्हाला कळायला नको?"

त्याचे म्हणणे बरोबर होते. पन्नास वर्षांत गिऱ्हाइकापुढे मी पहिल्यांदाच हार मानली.

"झोडणी झाली की आबा माझ्याबरोबर येणार," संतोष म्हणाला. "घड्याळाचं नाटक पुरे."

आबा काउंटरवर हात ठेवून उभे होते. ते मला म्हणाले, "दत्तू, ह्येला काय औशीद हाय का न्हाई? सांग की. तू तर लय शाना."

मी संतोषकडे आठ दिवस मागून घेतले. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवले, घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधले, त्यात पहिला नंबर माझाच टाकला आणि आबांच्या खळ्यावर जाऊन पेंढ्या झोडल्या. बायाबापड्या जमल्या होत्या. एक जण म्हणाली, "भाऊ, दुकान न्हाई चालत व्हय आताशा?" दुसरी म्हणाली, "जरा जोरात आपटा, काच न्हाई ती." मी तिन्ही पायऱ्या तपासल्या. सर्वांत खालच्या पायरीवरही मधूनच माझा फोन वाजे, आणि त्या पायरीवर हळू पडलेला माणूस घड्याळाला कळणार नाही हेही मी बांधावरून तीनदा मुद्दाम पडून पाहिले. तिसऱ्या वेळी उठताना मला दोघांनी हात दिला.

उत्तर घड्याळात नव्हते. झोडणीला, लावणीला, कापणीला आजूबाजूला दहा माणसे असतात. तेव्हा घड्याळ काढून खुंटीला टांगावे. आबा पडतात ते एकटे असताना, पाणी बघायला गेल्यावर. तेव्हा ते हातात असावे. हा पर्याय कोणतीही कंपनी खोक्यावर छापत नाही. मी तो संतोषला सांगितला.

"आणि घालायला विसरले तर?" तो म्हणाला. "आणि मी पाळीवर असलो, फोन फाटकावर असला, तर उचलणार कोण? काका, तुम्हाला एवढी खात्री आहे ना? मग पहिला नंबर तुमचा टाका."

तो रागाने बोलला होता. मी घड्याळ हातात घेतले आणि पहिला नंबर माझा टाकला. नंबर बरोबर पडला की नाही ते त्याने तपासले. मग म्हणाला, "ठीक आहे. पण एकदा जरी आबा पडले आणि मला उशिरा कळलं, तर त्यानंतर मी कोणाचं ऐकणार नाही." कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याचा नंबर मी त्याच्याकडून मागून घेतला.

त्या दिवसापासून माझी स्वस्थता गेली ती गेलीच. आबांच्या घड्याळाची बॅटरी उतरली की मला संदेश येतो. मी फोन करतो, "आबा, चार्जिंगला लावा." ते म्हणतात, "लावलंय." मला खरे वाटत नाही, मी परत बघतो. जेवताना फोन ताटाशेजारी असतो. अंघोळीला जाताना सुनेच्या हातात देतो. लोणावळ्याला एका लग्नाला गेलो तर तेथे रेंज मिळेना, म्हणून अक्षता पडेपर्यंत रस्त्यावर उभा राहिलो. दुकानात कोणी फॉल डिटेक्शनचे, म्हणजे पडल्याची खबर देणारे, घड्याळ मागितले की मी आधी त्याला विचारतो, फोन कोण उचलणार? बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो.

जानेवारीत तो फोन आला. चारला पाच मिनिटे कमी होती. मी उचलला. पलीकडे पाण्याचा आवाज होता आणि माणसाचा नव्हता. मी तीनदा हाक मारली.

"कोन, दत्तू? काय न्हाई. बसलोय."

"बसलाय की पडलाय?"

"पडून बसलोय."

मी दुकान तसेच उघडे टाकले. अमोलकडे मोटरसायकल आहे आणि माझ्याकडे नाही, म्हणून त्याला हाक मारली. तो काही न विचारता निघाला, हे त्याच्या बाजूने नमूद करतो. वाटेत मात्र म्हणाला, "भाऊ, घट्ट धरून बसा. तुम्ही पडलात तर कोणाचा फोन वाजणार?"

चार पस्तीसला आम्ही पोहोचलो. भातानंतर केलेल्या हरभऱ्याच्या वावरात आबा बांधावर बसले होते. पाय घोट्यापाशी सुजून दुप्पट झाला होता. मी फोन काढताना पाहून त्यांनी माझे मनगट पकडले.

"संतोषला कळवू नगंस, दत्तू. त्यो न्हील मला. तितं धाव्या मजल्यावर गॅलरीत बसून मी काय करू? खालची मानसं मुंगीएवढी दिसत्यात. तुज्या पाया पडतो."

मोठा माणूस मला पाया पडतो म्हणाला. अमोलने मान वळवली.

मी म्हणालो, "आबा, आज मी लपवलं आणि उद्या त्याला कळलं, तर तो या घड्याळावर भरवसा ठेवणार नाही. मग तो तुम्हाला ठेवणारच नाही इथं."

"ही दुकानदाराची भाषा झाली. मी तुला मैतर समजत हुतो."

मी त्यांच्यासमोरच फाटकावर फोन लावला. पहारेकऱ्याने संतोषला आतून बोलावून आणेपर्यंत आबा माझ्याकडे पाठ करून बसले होते.

"कधी पडले?" संतोषने विचारले.

"चारला पाच कमी. चार पस्तीसला मी त्यांच्याजवळ होतो."

"डोक्याला लागलंय?"

"पायाला. जीभ शाबूत आहे."

तिसरी हकीकत अमोल सांगतो ती येथपर्यंतच, आणि येथे थांबवली तर ती विश्वासघाताचीच वाटते. पुढचे तो सांगत नाही, म्हणून मी सांगतो. आम्ही आबांना तळेगावला दवाखान्यात नेले. हाडाला बारीक चीर होती, पायाला प्लास्टर घातले. संतोष तेथेच आला आणि बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसला.

"आबांनी सांगू नका म्हटलं असेल," तो म्हणाला.

"म्हटलं."

"आणि तरी तुम्ही सांगितलंत."

"तू माझा नंबर त्यासाठीच टाकायला लावलास."

त्याने आबांच्या पायाचा एक्स-रे उजेडाकडे धरून बघितला. मग म्हणाला, "मी घरी असतो तरी मला दोन तास लागले असते, काका. तुम्ही चाळीस मिनिटांत पोचलात." तो चार दिवस रजा टाकून गावी राहिला. जाताना आबांना घेऊन गेला नाही. प्लास्टर निघेपर्यंत चुलतभावाच्या घरून डबा येत होता, बांधाचा वाद असलेल्या त्याच चुलतभावाच्या.

आबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पाय बरा झाल्यावर ते दुकानात आले, पट्टा बदलून घेतला आणि अमोलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दुकानदार हाय तो. त्येला घड्याळाचं पडलंय, मानसाचं न्हाई." मला ते लागले. मी केले ते चूक होते असे मला वाटत नाही, पण त्यांनी धरलेल्या मनगटाची आठवण जात नाही. त्यांनी विनवले तेव्हा मी क्षणभर तरी थांबायला हवे होते काय, हा प्रश्न मी निकालात काढू शकलेलो नाही.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मावळात भात कापणीला आलेले असेल. आबा गावातच आहेत. घड्याळातला दुसरा नंबर मी अमोलचा टाकून घेतला आहे. माझे वय पाहता ते आवश्यक होते, आणि त्याने कुरकुर न करता होकार दिला. पहिला नंबर मात्र माझाच आहे. ज्यांना या हकीकतीविषयी माझ्याशी वाद घालायचा असेल, त्यांनी सकाळी दहानंतर खुशाल दुकानात यावे. मी प्रत्येकाला उत्तर देईन. फक्त फोन वाजला, तर वाद अर्धवट टाकून मला जावे लागेल.